खुनी कोण, यावर नीट भांडायचं कसं

भाग संपला आणि पडदा काळा झाला, की पहिली पाच मिनिटं कुणीही कुणाचं नाव घ्यायचं नाही. ओरडा, कपाळावर हात मारून घ्या, उशी फेका, लेखकाच्या नावाने बोटं मोडा. पण "मला वाटतं, त्यानेच..." हे वाक्य गिळून टाका. रहस्यमालिका चार माणसांनी मिळून बघायची असेल तर हा नियम सगळ्यात आधी करा, बाकीचे मागाहून.

जो पहिला बोलतो, तो बाकीच्यांची डोकी आपल्या दावणीला बांधतो. आमच्याकडे हे काम भावोजींचं. आवाज मोठा आणि खात्री त्याहून मोठी. त्यांनी एकदा "बहीणच!" असं जाहीर केलं की पुढची अर्धी रात्र आम्ही बहिणीच्या बाजूने नाहीतर विरुद्ध बोलत बसतो, माळ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जाऊबाईंच्या मनात माळ्याबद्दल पाल चुकचुकलेली असते, पण त्या गप्प. मग दोन भागांनी माळ्याच्या खोलीत रक्ताळलेला सदरा सापडतो आणि त्या म्हणतात, "मला तेव्हाच वाटलं होतं." असं मागाहून सगळ्यांनाच वाटतं. त्याला काडीचीही किंमत नाही.

म्हणून चिठ्ठी. त्या पाच मिनिटांत प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता तीन गोष्टी लिहायच्या: कोण, कशावरून, आणि काय दिसलं तर मी हे नाव खोडेन. तिसरी गोष्ट लिहिताना सगळे कुरकुरतात, पण खरी मजा तिच्यातच आहे. पुतणीची एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: "डॉक्टर. मृत्यूची वेळ त्याच्याशिवाय कुणीच सांगितलेली नाही. आणखी कुणी तीच वेळ सांगितली तर खोडते." याला म्हणतात तर्क. त्याच भागावरची सासूबाईंची चिठ्ठी: "तो हसरा. उगाच हसतो." कशावरून, तर हसण्यावरून, आणि नाव खोडायचा प्रश्नच नाही. अशीही चिठ्ठी चालते. फक्त वादाच्या वेळी तिचं वजन किती धरायचं हे सगळ्यांना ठाऊक हवं.

आता बसण्याआधीची तयारी. इथे मी जरा अधिकारवाणीने बोलते, कारण सबटायटल्स लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रहस्य फोडण्यात आमचा हात फार मोठा असतो, आणि तो आम्ही मुद्दाम घातलेला नसतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठीच्या सबटायटल्समध्ये संवादांबरोबर आवाजही लिहावे लागतात. दार करकरतं, खालच्या मजल्यावर काहीतरी पडतं, लांब कुठेतरी गाडी थांबते. पण ओळीत मावतील तितकीच अक्षरं, आणि वाचणाऱ्याला वेळही द्यावा लागतो, म्हणून पडद्यामागचा प्रत्येक आवाज आम्ही लिहीत नाही. कथेला लागणारा तेवढा लिहितो. म्हणजे सबटायटल्स चालू ठेवून बघणाऱ्याला दहा आवाजांतला नेमका कामाचा आवाज निवडून मिळतो. काळोखात कुजबुजणारा माणूस कोण हे दिग्दर्शकाने लपवलेलं असतं, आणि खाली निष्काळजीपणे लिहिलेलं नाव चक्क झळकतं. चांगलं काम करणारा तिथे ‘पुरुषाचा आवाज’ एवढंच लिहितो. सगळेच चांगलं काम करत नाहीत. वाक्याच्या शेवटी तुटक रेघ दिसली तर समजा, बोलणाऱ्याला कुणीतरी मध्येच तोडणार आहे. रहस्यमालिकेत ते तोडणं बहुधा बंदुकीच्या गोळीने होतं. नट अजून वाक्याच्या मध्यावर असतो आणि वाचणाऱ्याने मात्र दचकायची तयारी केलेली असते.

तेव्हा कानांची आणि भाषेची अडचण नसेल तर पहिल्यांदा बघताना सबटायटल्स बंद ठेवा आणि दुसऱ्यांदा चालू करा. आमच्याकडे सासूबाईंना त्यांच्याशिवाय चालत नाही, त्यामुळे ती चालूच असतात. मग करार असा, की वाचलेलं मोठ्याने म्हणायचं नाही. करार पाळला जातोच असं नाही.

‘मागील भागात’ हा तुकडाही टाळा. चार भागांपूर्वी दोन वाक्यं बोलून गेलेला टपालवाला त्यात पुन्हा दिसला, तर आजच्या भागात त्याच्याकडे काहीतरी काम आहे हे उघड झालं. पुढच्या भागाची झलक तर बघूच नका. ती लोकांना फसवण्यासाठीच कापलेली असते आणि तिच्यावर तर्क उभारणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं. पुढच्या भागांची नावं आणि त्यांची छोटी चित्रंही तितकीच घातक. मेलेला माणूस सहाव्या भागाच्या चित्रात खुर्चीत बसलेला दिसतो.

आणि सगळ्यात मोठा चुगलखोर म्हणजे किती वेळ उरला ते दाखवणारी खालची पट्टी. पंचविसाव्या मिनिटाला कुणी रडत गुन्हा कबूल केला आणि भागाची वीस मिनिटं अजून शिल्लक दिसली, तर ती कबुली खोटी हे सांगायला गुप्तहेर कशाला हवा? रिमोट एकाच माणसाकडे द्या आणि त्याला सांगा, हात लावायचा नाही.

भाग चालू असताना ओरडायला पूर्ण मुभा. "अगं, मागे बघ!" असं पडद्याला सांगण्यात लाज वाटायचं कारण नाही, कारण भाग त्यासाठीच रचलेला असतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ गप्पांत याचं गणित मांडलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे, पण प्रेक्षकाला ते ठाऊक नाही. तो फुटला की पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, समोर घड्याळ ठेवलं, तर तीच कंटाळवाणी बडबड पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावते. गप्पा त्याच असतात, फरक पडतो तो कुणाला काय माहीत आहे यामुळे.

म्हणूनच बघताना वहीत एकच गोष्ट टिपा: कुणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून. संशयितांच्या याद्या, नात्यांची झाडं, रंगीत बाण हे सगळं भावोजी करतात आणि तिसऱ्या भागाला वही कोपऱ्यात जाते. ‘कुणाला काय माहीत’ हा तक्ता मात्र शेवटपर्यंत उपयोगी पडतो. प्रेत विहिरीत सापडलं हे फक्त तपास अधिकाऱ्याला आणि आपल्याला माहीत असताना शेजारीण जर "विहिरीवर जायला मी तिला नेहमी बजावायचे" म्हणाली, तर तिच्या नावापुढे खूण करा. खूण म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. तिला ते आणखी कुणी सांगितलं असू शकतं, आणि पुढचे दोन भाग नेमके ते कुणी सांगितलं यावरच असू शकतात.

मध्ये थांबवणं मात्र नाही. दोन मिनिटं थांबवून पुन्हा लावलेला प्रसंग पहिल्यापासून तापायला लागतो. जाऊबाईंना नेमका खुनी जिना चढत असतानाच फोन येतो. त्यांनी बाहेर जावं, आम्ही नंतर सांगू. आता त्या फोन आत आणतच नाहीत.

चिठ्ठ्या लिहून झाल्या की घड्या घालून डब्यात टाका आणि मग तोंडं उघडा. वाद कुठल्या प्रसंगावरून चालला आहे ते ठरवून तेवढाच प्रसंग परत लावा. अख्खा भाग नाही. दोन मिनिटं, फार तर तीन.

एक प्रसंग सांगते. मालिकेचं नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणी ती बघायच्या बेतात असेल. निनावी फोन येतो, आवाज बदललेला, तपास अधिकारी ऐकते आहे. धमकी वीस सेकंदांची. पहिल्यांदा बघताना आम्ही सगळे त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण कॅमेराही तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. दुसऱ्यांदा पुतणीने कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून घेतले. "काकू, मागे घड्याळाचे टोले पडताहेत." आम्ही म्हटलं, पडत असतील. ती म्हणाली, "पाच पडले. गोष्टीत तर आत्ता रात्रीचे दोन वाजलेत ना?" म्हणजे बिघडलेलं घड्याळ. बिघडलेलं घड्याळ दुसऱ्या भागात कुणाच्या तरी दिवाणखान्यात होतं, आणि त्यावरून नवरा-बायकोत एक क्षुल्लक भांडण झालं होतं. ते भांडण उगाचच कशाला घातलं, असं मी तेव्हा म्हटलेही होते. रात्री साडेअकराला आम्ही दुसरा भाग काढून ते भांडण शोधलं. घड्याळ तेच, टोलेही तेच. सासूबाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या, त्यांच्या हसऱ्याचं मात्र त्यांनी नाव खोडलं नाही.

आता याची दुसरी बाजू. त्याच भागात भावोजींना पाण्याचा ग्लास सापडला. आधी अर्धा, मग भरलेला, मग पुन्हा अर्धा. त्यावर त्यांनी खोलीत तिसरा माणूस होता, तो पाणी ओतून पडद्याआड गेला, इथवर इमारत बांधली. हा असला बादरायण संबंध जोडण्याआधी चित्रीकरण कसं होतं ते लक्षात घ्या. एकच संभाषण अनेकदा, वेगवेगळ्या बाजूंनी टिपतात आणि मग तुकडे जोडतात. ग्लासमधलं पाणी, सिगारेटची लांबी, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे, कपाळावरची बट, हे सगळं त्या जोडकामात मागेपुढे होतं. ते सांभाळायला सेटवर वेगळा माणूस असतो, तरीही काहीतरी निसटतंच.

मग दुवा कुठला आणि चूक कुठली? माझी कसोटी अशी: ती वस्तू दाखवायला कुणी मुद्दाम कष्ट घेतले आहेत का ते बघा. कॅमेरा तिच्यापाशी गरजेपेक्षा एक श्वास जास्त थांबला, एखाद्या पात्राने तिच्याकडे पाहून नजर फिरवली, किंवा तिचा उल्लेख आधी संवादात येऊन गेला, तर ती दुवा. घड्याळासाठी लेखकाने अख्खं भांडण लिहिलं होतं. ग्लासकडे कुणी बघितलंही नव्हतं.

वाद करताना आणखी एक भिंत घाला. कथेच्या आतला पुरावा वेगळा आणि बाहेरचा वेगळा. "इतकी मोठी नटी एवढ्याशा भूमिकेला कशाला हो म्हणेल? तीच खुनी असणार." हा बाहेरचा पुरावा, आणि दुर्दैवाने तो पुष्कळदा बरोबरही निघतो. "अजून तीन भाग आहेत, म्हणजे हा नाही," हाही बाहेरचाच. आमच्याकडे असे तर्क बोलायला बंदी नाही, पण चिठ्ठीत ‘कशावरून’च्या पुढे ते चालत नाहीत. तसं जिंकणं म्हणजे पेपर फुटल्यावर पहिलं येणं.

नटाच्या चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. ‘ब्रॉडचर्च’ ही ब्रिटिश मालिका २०१३ साली आली, तेव्हा चित्रीकरणाचा बराच काळ तिच्या बहुतेक कलाकारांना खुनी कोण हे सांगितलंच नव्हतं. जिथे नटालाच पत्ता नाही, तिथे त्याच्या डोळ्यांत अपराधीपणा शोधून काय हाती लागणार? ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेत एका मुख्य पात्रावर गोळी झाडली जाते; तिच्या निर्मात्यांनी त्याहून कडक बंदोबस्त केला होता. गोळी कुणी झाडली हे सेटवरूनही फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं. म्हणजे "माझ्या ओळखीचा माणूस तिथे काम करतो, त्याने स्वतः पाहिलंय" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तरी त्याने पाहिलेलं खरं असेलच असं नाही. लेखक-दिग्दर्शक ताकास तूर लागू देत नाहीत. आपण पडद्यावर जे आहे तेवढंच धरावं.

आता ज्यांनी भाग अजून पाहिलेला नाही त्यांच्याबद्दल. भाग बघून माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे मी समजू शकते. पण नाव न सांगताही सगळं सांगता येतं. "शेवट बघून हादरले" म्हटलं की शेवटी काहीतरी हादरवणारं आहे हे ऐकणाऱ्याला कळलं, आणि तो पहिल्या मिनिटापासून त्याचीच वाट बघत बसतो. "डॉक्टरवर लक्ष ठेव" हे तर सरळ सरळ पाप आहे. "तुला वाटतंय तसं नाहीये, एवढंच सांगतो" हेही त्याच पंक्तीतलं. निरोप इतकाच धाडावा: "पाचवा भाग बघितलास की फोन कर, कितीही वाजू देत." चिन्हंसुद्धा नकोत. माझ्या नवऱ्याने एकदा कुणाला तरी फक्त शवपेटीचं चित्र पाठवलं होतं.

हाच नवरा अडचणीत आला की २०११ सालचा एक अभ्यास पुढे करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगितला, आणि शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा थोड्या जास्तच आवडल्या. अभ्यास खरा आहे. पण त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत वाचून संपणाऱ्या. दोन भागांमधला आठवडा, त्यात रंगलेली भांडणं, डब्यातल्या चिठ्ठ्या हे त्या प्रयोगात नव्हतंच. शेवट माहीत असेल तर चिठ्ठीत लिहिणार काय?

आठवडा हा तसा छोटा काळ. ‘डॅलस’मध्ये त्या पात्रावर, जे. आर. युइंगवर, गोळी झाडली गेली २१ मार्च १९८० ला, आणि झाडणारा हात दिसला २१ नोव्हेंबरला. आठ महिने, त्यात कलाकारांच्या संपाने उशिराची भर घातलेली. तो भाग एकट्या अमेरिकेत सुमारे ८.३ कोटी लोकांनी पाहिला. गोळी कुणी झाडली हे मी सांगत नाही, चाळीस वर्षं उलटून गेली तरी. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये नायकाने १५ जानेवारी २०१२ ला छपरावरून उडी घेतली आणि तो वाचला कसा यावर चाहते १ जानेवारी २०१४ पर्यंत तर्क लढवत राहिले. मग आलेल्या भागात निर्मात्यांनी तर्क लढवणाऱ्या चाहत्यांची टोळीच कथेत घातली आणि तसले दोन-चार तर्क चक्क चित्रित करून दाखवले. तुमचे सिद्धांत कुणीतरी वाचत असतं, हे ध्यानात असू द्या.

मधल्या काळात चिठ्ठी बदलायची असेल तर बदला, पण जुनी फाडू नका. नवी चिठ्ठी, त्यावर तारीख, आणि मत कशामुळे बदललं ते. "सगळे म्हणताहेत म्हणून" हे कारण बाद.

शेवटच्या भागाच्या रात्री निराळंच भांडण होतं: शेवट प्रामाणिक होता की फसवा. तिथे आवडला-नावडला एवढ्यावर थांबू नका. रोनल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियम घातले होते. पहिलाच नियम, गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात यायला हवा. आणखी एक, वाचकाची आधी तयारी करून न घेता जुळा भाऊ आणायचा नाही. सगळे दहा आज लागू करावेत असे नाहीत, काही तर निखालस जुनाट आहेत. पण हे दोन घेऊन बसा. पहिला भाग पुन्हा लावा. आता सगळं माहीत असताना खुन्याच्या प्रत्येक प्रसंगाकडे बघा. त्याने उघड खोटं सांगितलं, की खरं सांगूनही आपली दिशाभूल केली? दुवा पडद्यावर खरंच होता का? असेल तर लेखकाला दाद द्या, तुम्ही हरला असलात तरी. नसेल तर हवा तितका उद्धार करा, तो त्याने कमावलेला आहे.

त्यानंतर डबा उघडा. चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे. गुण देताना नुसतं नाव बरोबर असेल तर एक, कारणही बरोबर असेल तर तीन. घड्याळाच्या त्या मालिकेत पुतणीला तीन मिळाले आणि सासूबाईंना एक, कारण ते बिघडलेलं घड्याळ नेमकं त्या हसऱ्याच्याच दिवाणखान्यातलं होतं. त्या एका गुणाची गोष्ट आम्ही अजून ऐकतो आहोत. जिंकणाऱ्याने पुढची मालिका निवडायची, आणि ती कितीही रटाळ निघाली तरी पहिले दोन भाग बाकीच्यांनी तोंडातून ब्र न काढता बघायचे.